नखऊन पाणी

ये गं बाई, जरा जवळ सरक. फोन कानाला लावून नुसतं 'हां मावशी, हूं मावशी' करणं पुरे झालं. बेंदराला येते म्हणालीस, आली नाहीस. दसऱ्याला येते म्हणालीस, तर लेकीला ताप आला. तापाचं मी मानलं, लेकराचं कुणी सांगावं. पण दुसऱ्याच दिवशी तुझी आई मला सांगते, नात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकल फिरवतीय. मावशीला थाप मारायची वेळ यावी, असं काय घडलं होतं गं? काय घडलं ते ठाऊक आहे मला. तुझी बाजू तुझ्यापाशी आहे. माझी तू ऐकूनच घेतली नाहीस, म्हणून लिहायला बसले. चार माणसांनी वाचलं तरी वाचू दे. नाव कुणाचंच घालत नाही.

माझं शिक्षण सातवी. तेही जतच्या पूर्वेला, जिथं घरात मराठी, विहिरीवर कानडी आणि पाण्याचा टँकर आला की दोन्ही. माझी आई, म्हणजे तुझी आजी, वाक्य मराठीत सुरू करायची आणि कानडीत नेऊन ठेवायची. कानडी अक्षरं मी शिकले ती खताच्या पोत्यांवरनं आणि विजापूरच्या गाड्यांच्या पाट्यांवरनं. लग्न होऊन इकडं रहिमतपूरला आले, तर इथल्या बायका मला 'कानडीण' म्हणायच्या. माहेरी गेले की तिथले म्हणायचे, आली सातारची मडम. कुठंच धड नाही अशी ही माझी भाषा, आणि तिनंच मला पुढं काम दिलं.

इथल्या औषधाच्या दुकानात, म्हणजे शेतीच्या औषधाच्या, एकदा कर्नाटकातनं आलेला माल होता आणि त्यातलं पत्रक कुणालाच वाचता येईना. मी वाचून दाखवलं. मग लिहून दिलं. मग दुकानदारानं ते छापूनच घेतलं आणि मला म्हणाला, काकी, पुढच्या खेपेला पण द्या. ह्याला अनुवाद म्हणतात आणि ह्याचे शब्दावर पैसे मिळतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुझ्या काकांनी पेन्शनीतनं कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यांना वाटलं मी त्यावर भजनं ऐकीन.

तुला यात मीच ओढलं. कॉलेजच्या सुट्टीत यायचीस, माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचीस आणि मी कानडी वाचायची, तू मराठी लिहायचीस. हळूहळू कानडीही वाचायला लागलीस. अक्षर तुझं चांगलं, व्याकरण तुझं चांगलं. मी म्हणायची, ही पोर माझ्या पुढं जाणार. लग्न होऊन सांगलीला गेलीस, पतपेढीत नोकरी धरलीस, लेक झाल्यावर ती सोडलीस. नंतर विचारलं की एवढंच सांगायचीस, घरबसल्या कंपनीचं काम करते. मी खोलात गेले नाही. आपलं माणूस सांगेल तेवढं ऐकावं.

दरम्यान दुकानदारांची कामं आटली. सगळं त्या वेबसाइटवर गेलं. तुला काय सांगायचं, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. तिथं कुणीतरी काम टाकतं, आणि मग देशभरातली माणसं आपापला दर सांगतात. त्याला बोली लावणं म्हणतात. बोली लावायलाही आधी पैसे भरायचे, काम मिळालं की त्यातलाही वाटा वेबसाइटला द्यायचा. काही जण तर म्हणतात, मशीननं भाषांतर केलेलंच आहे, तुम्ही फक्त नजर टाका, आणि नजर टाकायची म्हणून अर्धेच पैसे. ती नजर टाकता टाकता अख्खं पुन्हा लिहावं लागतं, पण ते कुणाला दाखवणार?

मला बोली म्हटलं की आमचे तात्या, म्हणजे तुझे आजोबा, आठवतात. जतच्या बाजारात मेंढरं विकायला उभे राहायचे. घेणारा यायचा, दोघं हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवतीनं माणसांचा घोळका, पण भाव कुणाला दिसायचा नाही. माणूस मात्र समोर असायचा. त्याच्या घरी कुणाचं लग्न आहे, कुणाची तब्येत बरी नाही, तात्यांना ठाऊक असायचं. जास्त दाबायला दोघांनाही लाज वाटायची. इथं उलटं आहे. भाव सगळ्यांपुढं टांगलेला आणि माणूस झाकलेला. तिथं बोली चढायची, इथं ती रोज एक पायरी उतरते, आणि जो सगळ्यात खाली जाऊन बसेल त्याच्या गळ्यात काम.

तर ते कोकरांचं काम. आईला दूध नसलं की कोकराला पाजायची पावडर असते, तिची पत्रकं कानडीतनं मराठीत करायची होती. पुढं वर्षभर आणखी येतील, असंही लिहिलं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, हे आपल्याच घरी आलंय. मेंढरं, कानडी, मराठी, ह्यात मला कोण हरवणार? मी माझा नेहमीचा दर सांगितला, शब्दाला रुपया. काम देणारा कर्नाटकातला, बोलायला गोड. मला 'अक्का' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप, 'अक्का, स्वल्प कडिमे माडी.' जरा कमी करा. दुसऱ्या एक बाई आहेत, त्या ऐंशी पैशात करतायत.

त्या दुसऱ्या बाईच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे होते, आणि शेजारी मोरपिसाचं चित्र. माझ्याकडं जास्वंदीचं. मी सत्तर केले. मोरपिसानं साठ. मी म्हटलं, कोण ही? हिला भाषांतराची किंमत तरी कळते का? नवरा मोठ्या पगाराचा असेल, दुपारी वेळ जात नसेल, म्हणून आमच्या ताटात हात घालते. मी पन्नास केले आणि रागारागानं भाकरी थापायला गेले. तुझे काका म्हणाले, 'कुणाशी भांडतीयास?' मी म्हटलं, 'मोरपिसाशी.' त्यांनी जेवताना दुसरी भाकरी मागितली नाही.

शेवटी तिनं तीस सांगितले. मी सोडून दिलं. तीस पैशात एक शब्द, आणि तो शब्द शोधायला कधी कधी अर्धा दिवस जातो. त्या दरात आपण घरातली वीजही जाळू नये.

आठवड्याभरानं त्या गोड माणसाचा पुन्हा निरोप. अक्का, भाषांतर झालंय, तुम्ही फक्त तपासून द्या. चूक दिसेल ती तांबडी करा, जेवढं तांबडं निघेल तेवढे त्या बाईचे पैसे कापू. पैसे अगदीच थोडे होते. खोटं कशाला बोलू, मी हो म्हटलं ते पैशासाठी नाही. मला मोरपिसाच्या चुका बघायच्या होत्या.

उघडलं आणि चुका काही सापडेनात. वाक्यं सरळ, शब्द जागच्या जागी. कोकरू म्हणायचं तिथं कोकरू, चीक म्हणायचा तिथं चीक. मला राग यायला लागला की हिला एवढं येतंय, तर ही तीस पैशात का करते. आणि मग दुसऱ्या पानावर तो शब्द आला. 'पावडर नखऊन पाण्यात घोळावी.'

मी तो शब्द मोठ्यानं वाचला.

वाचणाऱ्याला सांगते. कानडीत कोमट पाण्याला 'उगुरु बेच्चगिन नीरु' म्हणतात. उगुरु म्हणजे नख. नखाला जाणवेल एवढंच ऊन, तेवढं गरम. मराठीत त्याला कोमट म्हणावं. पण आमच्या आईला मराठीतलं कोमट कधी आठवायचं नाही, म्हणून तिनं कानडी शब्दच मराठीत उतरवून घेतला होता, नखऊन. आम्ही बहिणी न्हायलो नखऊन पाण्यानं, आमची लेकरं न्हाली नखऊन पाण्यानं. जगात दुसरं कुणी असं म्हणत नाही. जतमधले शेजारीसुद्धा हसायचे. मशीन चुकलं असतं तर नखाचं ऊन केलं असतं, नाहीतर उन्हातलं नख. असलं चुकायला आमच्याच चुलीपुढं बसलेलं असावं लागतं.

भर दुपारी तुला फोन लावला. आठवतंय ना काय बोललो ते? मला शब्दन् शब्द आठवतोय.

"नखऊन पाणी कुणाच्या घरचं गं?" मी विचारलं.

तू म्हणालीस, "मावशी, तुला कुठं दिसलं?"

"तपासायला माझ्याकडंच आलंय."

"म्हणजे ती जास्वंद तू होतीस?"

"आणि मोरपीस तू."

"मी तुला काय काय बोललीय मनातल्या मनात," तू म्हणालीस. "म्हातारी हट्टी दिसतीय, जागची हलत न्हाई, पेन्शन येत असणार, उगा वेळ घालवायला आमच्या पोटावर पाय देतीय."

मी म्हटलं, माझं तर तुझ्या नवऱ्याच्या पगारापर्यंत गेलं होतं. मग आपण दोघी हसलो, पोट धरून हसलो. तेवढंच हसणं. कारण हसता हसता तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस की ते वर्षभराचं काम तुला हवंच होतं, नाहीतर पुन्हा नोकरीवर जावं लागेल आणि लेकीला दुसऱ्याच्या घरी ठेवावं लागेल. कामाला पाच चांदण्यांचा शेरा मिळाला की पुढं दर वाढवता येईल, असा तुझा हिशेब होता. मला सांगितलं नाहीस, कारण मावशीच्याच धंद्यात मावशीला न विचारता उतरलीस असं तुला वाटत होतं.

मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "तांबडं कर. चूक ती चूक. कुणी कडकडीत पाणी घेतलं तर कोकराचं तोंड भाजंल." आणि फोन ठेवलास.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ऐक. मी तांबडं केलं नाही. नखऊनच्या जागी कोमट लिहिलं आणि त्या माणसाला कानडीत खाली निरोप टाकला, की ह्यात एक शब्द होता, तो त्या बाईच्या घरात बरोबर आहे, तुमच्या पत्रकात नको म्हणून बदलला. बाकी काम सोन्यासारखं आहे. पैसे कापू नका, कापायचेच असतील तर माझे कापा. त्याचं लगेच उत्तर, 'सरी अक्का', म्हणजे बरं. मी म्हटलं, माणूस चांगला आहे. पैसे आले तेव्हा त्याच्या हिशेबावरनं कळलं, त्यानं दोघींचेही कापले. तुझे चुकीबद्दल, माझे चूक तांबडी न केल्याबद्दल. तात्यांच्या रुमालाखाली असं कधी झालं नसतं.

तुला वाटलं असेल, मावशीनं तांबडं केलं म्हणून कापले. नसेल वाटलं तर चांगलंच. पण त्यानंतर तू वेबसाइटवरनं मोरपीस काढून टाकलंस, परत लावलंस का ते मी रोज बघते. तुझी आई म्हणते, तू त्या पतपेढीत पुन्हा विचारून आलीस. मला ते खुपतंय. नोकरी वाईट नाही गं. पण मी शिकवलेली पोर माझ्याच बोलीनं खाली ढकलली गेली, तीही माझ्या नकळत, ह्याचा मला राग येतो. तुझा नाही येत, माझाही नाही. एकाच घरच्या दोन बायका एकमेकींपुढं उभ्या केल्या, मधे पडदा टाकला, आणि दोघींना सांगितलं, उतरा खाली. ह्याचा येतो. भांडायला जावं तर समोर कुणी नाही, नुसतं एक बटण आहे.

आता मुद्द्याचं. त्या माणसाचा परवा पुन्हा निरोप आला. कोकरांच्या लसीची पत्रकं आहेत. अक्का, स्वल्प कडिमे माडी, ती दुसरी बाई कमीत करायला तयार आहे म्हणे. मला हसू आलं. मोरपीस तर उडून गेलंय, ही दुसरी कोण आणली त्यानं? मी लिहिलं, दर रुपया, आणि माणसं दोन. एक लिहील, एक तपासेल, दोघी एकाच घरच्या आहेत. पटलं तर सांगा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असंही नाही, कुणीतरी वीस पैशात करून देणारी निघेल. पण इथल्या दुकानदारालाही मी विचारलंय, आणि तुझ्या सांगलीत छापखाने काय कमी आहेत? तिथं समोरासमोर बसून दर सांगता येतो. मला सांगलीत कुणी ओळखत नाही, तुला ओळखतात. आणि तुझ्या वतीनं मी दोघींचं लिहून बसलेय, तुला न विचारता. हो म्हण किंवा नाही म्हण, पण इथं येऊन म्हण.

स्टूल मी माळ्यावरनं खाली काढून पुसून ठेवलंय. लेकीला घेऊन ये, तिची सायकल राहू दे तिथं, इथं काकांची जुनी आहे ढकलायला. सकाळची गाडी धरलीस तर जेवायला पोचशील. आणि निघताना फोन कर हां, न सांगता येऊ नकोस. दारात पाय धुवायला पाणी तापवायला लागेल, जास्त नाही, नखऊन. ह्याच महिन्यात ये.