राखण्याचा शेवटचा हंगाम

त्या शनिवारी मी आणि बायको टीव्हीवर मॅच बघत मुगाच्या शेंगा सोलत होतो. मी बाजेवर, ती माझ्या मागं दाराजवळ. मेंढरं अजून वाघरीत, म्हणजे अंगणापलीकडच्या जाळीच्या कुंपणातच होती. हंगाम चालू असला की शनिवारी मेंढरं उशिराच सुटायची. गावातली माणसं हसायची. म्हातारा-म्हातारी ऑस्ट्रेलियाचा खेळ बघायलेत म्हणायची. हसू देत.

हे पोराचं काम. पोरगा तिकडं मेलबर्नला एका मोठ्या गोदामात कामाला आहे. तिथं सगळे एका क्लबाच्या मागं येडे. मागं तो गावी आला तेव्हा कडगंचीहून माणूस आणून टीव्हीला डबा बसवून घेतला आणि म्हणाला, "अप्पा, हे बघत जावा. आपल्याला बोलायला कायतरी होईल." खरं होतं ते. त्याच्या आधी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलास का, पाऊस हाय का, बरं ठेवतो. एवढंच.

खेळ समजायला आम्हाला एक पावसाळा गेला. मैदान अंड्यासारखं गोल आणि आमच्या पाझर तलावाएवढं मोठं. चेंडू नारळासारखा लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनं मारला की सहा, बाजूनं गेला की एक. चेंडू हवेत झेलला की झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. म्हणून समोरच्याला झेलू द्यायचा नाही. मागं राहून तेवढंच काम करणारा त्या क्लबात एक होता, सगळ्यांत म्हातारा. दाढीत पांढरं आलेलं. स्वतः कधी गोल करायचा नाही. आलेला चेंडू मुठीनं ठोसा मारून बाहेर काढायचा आणि परत जागेवर जाऊन उभा राहायचा. हिनं त्याचं नाव राखण्या ठेवलं. दोन वर्षं आमच्या घरात त्याचं तेच नाव होतं.

मला तो आवडायचा. तो चेंडूच्या मागं धावायचा नाही. आपल्या वाट्याचा समोरचा माणूस आणि खांब यांच्यामध्ये उभा राहायचा, बास. चांगलं कुत्रं असंच असतं. लांडग्याच्या मागं रानात जात नाही, कळप सोडत नाही.

ह्या हंगामात सुरुवातीला त्यानं मान खाली घालायला लावली नाही. पोरगा दर आठवड्याला विचारायचा, "अप्पा, कसा वाटला राखण्या?" आणि मी सांगायचो. भरपूर सांगायचो. मग मध्येच त्याचा गुडघा गेला. काही आठवडे बसला. परत आला तो पट्टी बांधून. टीव्हीवरचे लोक इंग्रजीत काय बोलायचे देव जाणे, मी आवाज बंदच ठेवायचो. पण मला दिसत होतं. उडी मारल्यावर तो उजव्या पायावर उतरायचा नाही. आधी खांद्याला खांदा लावून उभा राहायचा, आता समोरच्याच्या हातभर मागं उभा राहायला लागला. पाय उचलत नाही हे ज्याला ठाऊक असतं तोच असा मागं उभा राहतो. मी पोराला सांगितलं, "हा लपवायलाय. ह्याचं दुखणं बरं झालेलं न्हाई."

पोरगा म्हणाला, "तुमाला बरोबर दिसतंय अप्पा."

आणि ही मागून म्हणायची, "माझ्यासारखंच गुडघं त्याचं."

हिचंही गुडघ्याचं चाललं होतं. चिटगुप्प्याला हिची धाकटी बहीण असते. तिथं कुणी तेल लावून देतो म्हणून ही दोनदा-तीनदा जाऊन राहून आली. मी एसटीत बसवून द्यायचो. आल्यावर विचारायचो, फरक पडला का. व्हय म्हणायची.

आधी ती माझ्या शेजारी बाजेवर बसायची. मृगापासून दाराजवळ बसायला लागली. वारा लागतो म्हणाली. मी म्हटलं बस.

तर त्या शनिवारी राखण्याची धुलाई झाली. समोर एक पोरगं होतं, मिसरूड फुटायच्या वयाचं. त्यानं राखण्याच्या खांद्यावर गुडघा देऊन चेंडू झेलला. परत झेलला. तिसऱ्यांदा तर राखण्या खालीच बसला आणि चेंडू वरून गेला. मी शेंगा टाकून शिव्या द्यायला लागलो.

"कुणाला शिव्या द्यायलाव?" ती म्हणाली. "त्याला कानडी कळत न्हाई, मराठी कळत न्हाई."

"येळेवर उडी मारायला काय होतंय त्याला!"

"तुमी जावा की मैदानात. काठी घेऊन हाकला सगळ्यांला."

मी म्हटलं, अजून एक वर्ष काढतो तो. पाय तुटला तरी उभा राहील असा माणूस आहे. क्लबानं त्याला सोडू नये. दोन वर्षं ती त्याचीच बाजू घेत आली होती. त्या दिवशी म्हणाली, "बास झालं त्याला."

"कामून बास?"

"थकलाय. तुमी आपलं ठरवायलाव एक वर्ष, दोन वर्षं. त्याला इचारा की कुणीतरी, त्याला काय वाटायलंय."

"त्याला काय इचारायचं? खेळणाऱ्यानं खेळायचं."

ती परत शेंगा सोलायला लागली. मॅच हरलो. मी मेंढरं सोडली. ती म्हणाली जरा पडते. परत आलो तेव्हा मुगाच्या शेंगांचं सूप तिच्या उशाशी होतं, अर्ध्या शेंगा तशाच, आणि ती गेलेली होती. अंग गार झालं होतं.

पोरगा तिसऱ्या दिवशी पोचला. तोपर्यंत ठेवणं जमलं नाही. आमच्यात जाळत नाहीत, शेताच्या कडेला माती देतात. खांदा मी, पुतण्यानं आणि शेजारच्या दोघांनी दिला. पोरगा आला, मातीजवळ बसून राहिला. त्याला बघून मला भडभडून आलं. एकुलता एक, आणि आईला खांदा देता आला नाही ह्याचं मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. हे मी मुद्दाम लिहितोय. तोपर्यंत मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं.

त्याच दिवशी चिटगुप्प्याची मेव्हणी रडता रडता बोलून गेली, "आक्काला मी पाया पडून सांगितलं होतं, आपरेशन कर म्हणून."

घरातलं सगळं रडणं थांबलं.

मी विचारलं, "गुडघ्याचं आपरेशन?"

मेव्हणीनं पोराकडं बघितलं. पोरगा जमिनीकडं बघायला लागला. मग मेव्हणी म्हणाली, "दाजी, गुडघं कवाच न्हवतं हो."

काळीज होतं. झडप निकामी झालेली. चिटगुप्प्याहून दोघी बहिणी बिदरच्या मोठ्या दवाखान्यात जात होत्या. डॉक्टरनं छाती उघडून आपरेशन करायला सांगितलं होतं, नाहीतर भरवसा नाही म्हटलं होतं. हिनं नको म्हटलं. पोराला सगळं ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून.

मी पोराला विचारलं, "मला कामून सांगितला न्हाईस?"

"आईनं शपथ घातली होती, अप्पा."

"कशाची?"

"तिचीच."

"ती तर मेली. शपथ पाळून वाचवलास का तिला?"

तो रडायला लागला. म्हणाला, "आई म्हणायची, तुझ्या बापाला कळालं तर उचलून नेतील. मी नको म्हटलेलं ऐकणार न्हाईत. मला टेबलावर मरायचं न्हाई, माझ्या घरात राहायचंय."

मी उचलून नेलं असतं. त्यात खोटं काही नाही. खांद्यावर टाकून सोलापूरला नेलं असतं. बायको मरायला लागली तर नवऱ्यानं दुसरं काय करायचं असतं?

तो परत जाईपर्यंत मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. तो गेल्यावर एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. रविवारी त्याचा फोन आला की आधी मी बोलायचो. राखण्या असा, राखण्या तसा, अर्धा-अर्धा तास. मग तो म्हणायचा, आईला द्या. ही फोन घेऊन अंगणात, पार वाघरीजवळच्या दगडावर जाऊन बसायची. मला वाटायचं घरात फोनला आवाज नीट येत नाही. दोन वर्षांत मला पोराशी बोलायला एक विषय मिळाला म्हणून मी खूश होतो. आणि ह्या हंगामात तो विषय म्हणजे पोराच्या हातातला खुळखुळा होता. बापाला खुळखुळा दिला की आईशी निवांत बोलता येतं. मी परक्या मुलखातल्या माणसाचं लपवलेलं दुखणं पोराला समजावून सांगायचो, आणि तो ऐकून घ्यायचा, आणि मग दगडावर बसलेल्या आईला विचारायचा, गोळ्या घेतल्यास का.

"तुमाला बरोबर दिसतंय अप्पा" म्हणाला होता. ते शब्द मला अजून भाजतात.

आणि ती. ती वाऱ्यासाठी दाराजवळ बसत नव्हती. माझ्या मागं बसली की मला तिचं तोंड दिसत नव्हतं. राखण्यानं निदान माझ्या डोळ्यांसमोर लंगडून दाखवलं. हिनं तेवढंही केलं नाही. माणूस मेल्यावर त्याला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला तिनं एसटीत बसवून द्यायला ठेवलं.

पोराचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. मॅचही बघितल्या नाहीत. पोळा झाला, गणपती झाले. मग एका शनिवारी शेजारचा एकजण आमच्या पोराचा निरोप घेऊन आला, "काका, पोरगा म्हणायलाय आज दुपारची मॅच तेवढी बघा." मी बघणार नव्हतो. पण घरात दुसरं काय होतं. टीव्ही लावला.

हरणारा बाद होणार, असली मॅच होती. राखण्या उतरला. पट्टी होती. पण त्या दिवशी तो हातभर मागं उभा राहिला नाही. पहिल्यासारखा खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि दोन-तीन चेंडू असे मुठीनं काढले की मी बाजेवरून उठलो. मागं वळून बोलायला गेलो. दारात कुणी नव्हतं.

शेवटी शेवटी त्याचे पाय गेले. त्याच्या वाट्याच्या माणसानं दोन गोल केले. क्लब हरला. मी टीव्ही बंद करणार तेवढ्यात त्याच्याच दोन जोडीदारांनी त्याला खांद्यावर उचललं. दोन्ही बाजूचे सगळे खेळाडू रांगा करून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. तो वरून हात करत होता आणि रडत होता. लोक खुर्च्या सोडून उभे होते. मला आधी कळलंच नाही. जित्या माणसाला खांदा कामून द्यायलेत? मग कळलं. हा चाललाय.

फोन वाजला. ह्या वेळी मी उचलला.

"अप्पा, बघितलात?"

"तुला ठावं होतं, हा सोडायलाय म्हणून?"

"व्हय. सोमवारी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. मला अजून एक वर्ष खेळा म्हणायलेत, पण माझ्यानं होत न्हाई म्हणाला."

"असं म्हणाला? स्वतः?"

"व्हय. मी सोमवारपासून फोन लावायलोय तुमाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "कसा वाटला हंगाम?" घाबरत घाबरत म्हणाला.

मी सांगितलं. सुरुवात चांगली होती. गुडघा गेल्यावर बसायला पाहिजे होतं, बसला नाही, तिथं चुकला. मधल्या मॅच त्याच्यामुळं घालवल्या. आज चांगला खेळला. अजून एक वर्ष दिलं असतं तर फुकट गेलं असतं, मी म्हणत होतो ते चूक होतं. आणि मग म्हटलं, "पण त्यानं सांगितलं. त्याच्या लोकांसमोर उभा राहून सांगितलं, होत न्हाई म्हणून. मग त्यांनी खांदा दिला. तुझ्या आईनं मला सांगितलं न्हाई. तू सांगितला न्हाईस. मी खांदा दिला तो कशासाठी देतोय ते मलाच ठाऊक न्हवतं."

"अप्पा..."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चहा घेतला आणि फोन घेऊन वाघरीजवळच्या दगडावर जाऊन बसलो. ती बसायची तिथं. तिथून आमचं दार सरळ दिसतं. दारातून बाज दिसते, म्हणजे बाजेवर बसलेला मी दिसत असणार. टीव्ही दिसत नाही. मी कधी तिथं बसलो नव्हतो, त्यामुळं हे मला ठाऊक नव्हतं.

फोन मी कधी स्वतः लावला नव्हता, तोच लावायचा. त्याच्या फोटोवर बोट ठेवलं. त्यानं लगेच उचलला.

म्हटलं, "मॅचचं बोलू नकोस. ह्या दगडावर बसून तुझी आई तुझ्याशी काय काय बोलली ते सांग. पहिल्या दिवसापासून. काय गाळायचं न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून तर अजिबात गाळायचं न्हाई."

तो सांगायला लागला. जाळीत मेंढरं ओरडायला लागली होती, त्यांची सुटायची वेळ झाली होती. मी ओरडू दिली. फोन कानाला दाबून धरला आणि ऐकत बसलो.