तान्ह्या पोळ्यातला शेवटचा बैल

तान्ह्या पोळ्यात डायनासोर न्यायचा हे मीच ठरवलं. त्यावरून जी बोलणी खावी लागली तीही मीच खाल्ली, आणि खाऊन ढेकर दिला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीची मॅडम. राहते अकोल्यात, शाळा अमरावती जिल्ह्यात शिरल्याबरोबर जे खेडं लागतं तिथं. शाळा उघडली तशी मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंतचं सगळं शिकवणं यंदा आदिम जीवसृष्टीभोवती. गणितात डायनासोर किती लांब ते मैदानात दोरीनं मोजायचं, मराठीत केसाळ हत्तीवर निबंध लिहायचा.

सर म्हणाले, "काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिल्या मॅडम? पुस्तक हाय ना."

पुस्तक आहे हो. पण ते वाचूनही पोट्टे मला विचारत, "मॅडम, डायनासोर आदिमानवानंच मारले ना?" पिक्चरमध्ये पाहिलेलं. माझ्या डोक्यात तिडीकच जायची. कोण आधी आलं, कोण नंतर, एवढं एक जरी लेकरांच्या डोक्यात पक्कं बसलं तरी सत्र सार्थकी लागलं म्हणायचं, बाकी काही नको.

मग आम्ही नाल्याची माती आणली. आपली ही काळी माती म्हणजे थिजून झिजलेला लाव्हा, आणि तो वाहत होता तेव्हा डायनासोर जिवंत होते, हे सांगितलं तर पोरं मातीकडे बघतच राहिली. पण ती माती मोठी खट्याळ. वाळली की डायनासोरची मान तडकलीच. शेवटी एका मुलीनं घरून कापूस आणून मातीत कालवला, तेव्हा कुठे मान टिकली. ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडायची नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत न्यायचे, तोरणाखालून जायचं आणि मोठ्यांकडून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचे. मी म्हटलं, आपण सगळी जीवसृष्टीच चाकांवरून नेऊ. पहिले शिंपले, मग मासा, डायनासोर, केसाळ हत्ती, हातात दगड घेतलेला माणूस. माणसानं पाळला म्हणून बैल सगळ्यांत शेवटी. तो त्या मुलीकडे दिला.

ही ओळ शाळा समितीच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. मोठ्या पोळ्यात मानाची पहिली जोडी त्यांची. ते तरातरा शाळेतच आले.

"मॅडम, पोळा कोनाचा? बैलाचा. अन् बैलच मांगं? हे राक्षस पुढं? गावाची इज्जत काढून राहिल्या का तुमी?"

आता खरं सांगते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी काळाचा क्रम लावत होते, ते मानाचा क्रम बघत होते. पोळ्यात पुढं कोण यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, आणि वऱ्हाडात जन्मून मी ते विसरले! अध्यक्ष दोन शब्द नीट बोलले असते तर मी काही तोडगा काढलाही असता. पण ते म्हणाले, "बैल पुढं घ्या, नाईतं हे डायनासोर-फायनासोर सारं बंद करतो. वर तक्रार करतो."

"करा," मी म्हटलं. "बैलाले मान द्या, हार घाला, पाया पडा, मीबी पडीन. पण तो पयले आला असं खोटं माह्या पोराईकडून वदवून घेणार नाई."

सर मधे पडले. "मॅडम, ओळच उलटी करा ना. बैल पुढं, मांगं मांगं जुनं." तसं चुकीचं नव्हतं ते. पण धमकी ऐकून ओळ फिरवायची? हट्!

तरी पोरांना सांगितलं, "बोजारा कदाचित मिळणार नाही. ज्याला वाटेल त्यानं घरचा लाकडी बैल घेऊन पुढं जावं, मी रागावणार नाही."

तान्ह्या पोळ्याला तोरणाशी अध्यक्ष बोजाऱ्याची पिशवी घेऊन आडवे उभे होते. "बैल पुढं आना, तवाच बोजारा." ओळ थबकली. पोरांचे डोळे पिशवीवर. वाटलं, संपलं आता.

मागून ती मुलगी बोलली. "आबा, तुमच्या घरी पयले कोन आलं? तुमचे आजोबा का तुमी?"

"आजोबा. मंग?"

"तुमी मांगून आले, तं तुमचा मान कमी झाला का?"

बघायला जमलेल्या बाया फिस्सकन हसल्या. अध्यक्षांनी पिशवी काखेत मारली. "जा, भेटत नाई बोजारा!" मग शिंपलेवाल्यानं दोरी ओढली आणि ओळ होती तशीच तोरणाखालून गेली, बैल शेवटी. मासेवाला रडत रडत गेला, पण गेला.

सर जवळ येऊन पुटपुटले, "आता तक्रार पक्की. सोमवारपासून गुपचूप पुस्तक उघडा मॅडम."

"सर," मी म्हटलं, "या लेकराईनं आज बोजारा सोडला, पण खरं सोडलं नाई. अन् मी तक्रारीले भ्यायचं? सोमवारी हिमयुग हाय."