पिवळा बलक कुणाचा

बोर्दोजवळच्या त्या नावाजलेल्या मळ्यात मोरिसेत तीस वर्षं अंडी फोडत होती. लाल वाइन नितळ व्हावी म्हणून प्रत्येक पिंपात सहा अंड्यांचा पांढरा बलक जाई आणि पिवळा, रिवाजानं, मोरिसेतच्या घरी. त्यावर अख्ख्या गावाचे छोटे छोटे केक होत.

यंदा ल्युदोविक नावाचे नवे वाइनतज्ज्ञ आले. पाहुण्यांनी चवीचं गुपित विचारलं की हे छाती फुगवून सांगत, "जमिनीचा गुण." आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, "अंडी बंद. वाइन आपोआप निवळते."

अंडी बंद म्हणजे केक बंद, आणि मोरिसेतच्या भाचीचं लग्न तर पंधरा दिवसांवर आलेलं.

"एकदा बघून तरी घ्या, साहेब," म्हणत तिनं, साहेब मेणबत्ती पेटवेपर्यंत, नळी गुपचूप पिंपाच्या पार तळाशी घातली आणि गाळासकट वाइन ओढून पेला मेणबत्तीपुढं धरला. पेल्यात नुसता चिखल.

साहेब खाकरले. "बरं, आणा अंडी."

लग्नात साहेबांनी चार केक हाणले. पाचवा उचलताना हळूच विचारलं, "मोरिसेतबाई, याचं गुपित काय हो?"

मोरिसेतनं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले.

"जमिनीचा गुण, साहेब."