बिनतापाचं रक्त

"आता उतरलाय, म्हून आणली बगा."

सरकारी दवाखान्यातल्या माझ्या प्रयोगशाळेच्या दारात चपला काढत ती हे अशा थाटात सांगायची, की माझ्यावर उपकारच केलेत. मागे तिची पोटुशी सून भिंतीला टेकून उभी. आणि माझं डोकं फिरायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आजाऱ्याला दवाखान्यात आणायचं ते जरा बरं वाटल्यावर. त्यात तिची चूक तरी काय? औंधच्या पूर्वेला, माळावर त्यांचा मेंढवाडा. मुलगा कुंडलकडे उसाच्या ट्रॅक्टरवर. घरी सासू, सून आणि मेंढरं. शेजारचा कुणी तालुक्याला निघाला की त्याच्या मोटारसायकलवर बसून यायचं.

"मावशी, ताप असताना आणा म्हणून किती वेळा सांगितलं? बिनतापाच्या रक्तात मी काय शोधू, कपाळ?"

"आवं, ताप आस्ताना गाडीवरनं पडली म्हंजे? दोन जिवाची हाय ती." मग माझ्या सूक्ष्मदर्शकाकडे हनुवटी उडवून, "त्या नळकांड्यात एवडं समदं दिसतंय म्हन्ता, मग गेलेला ताप तेवडा दिसत न्हाई व्हय?"

मला हसू यायचं. मी हसले की तिनं डाव जिंकलेला असायचा, आणि मी मुकाट सुनेच्या बोटाला सुई टोचायची.

ताप मोठा बेरकी होता. काही दिवस पोरीला भाजून काढायचा, मग घामानं न्हाऊ घालून निघून जायचा. ती उठून भाकऱ्या थापायला लागायची, सासू यमाईला नारळ फोडून यायची, की पुन्हा दात वाजवणारी थंडी. मलेरिया निघेना. टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, तर ताप आपल्या वेळेला गेला आणि श्रेय गोळ्यांना मिळालं.

सुनेला ती जपायची मात्र जिवापाड. मेंढवाड्याला लागून एक जुनं मातीचं खोपट होतं, पूर्वी त्यात कोकरं कोंडायचे. दिवस गेल्यापासून सुनेला तिथं निजवायची. दाराला पोती लावायची. "पोटुशीला वारं लागू द्यायचं न्हाई," म्हणायची, आणि स्वतः बाहेर मेंढरांपाशी आडवी व्हायची.

एका सकाळी मात्र पिकअप आली. सून घोंगडीत गुंडाळलेली, डोळे लाल, बोलणं बरळल्यासारखं.

"घ्या," म्हातारी म्हणाली. "तुमच्या मनासारकं रगत."

काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल पेशींच्या मधून बारीक, नागमोडी धागे पसरले होते. पुस्तकात पाहिलेले, काचेवर कधीच नाही. उलटून उलटून येणारा ताप तो हाच. ताप चढलेला असतानाच हे जंतू रक्तात दिसतात, उतरला की शोधून सापडत नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं आणि म्हातारीला विचारलं, "हे गोचिडीमुळे होतं. पोरगी झोपते कुठे?"

म्हातारी उसळलीच. "गोचीड मला शिकवू नगा. सारा जल्म मेंढरांत गेला माजा. गोचीड चिकाटलं की सोडत न्हाई. सुनंच्या अंगावर आसतं तर मला घावलं नसतं?"

तिला ठाऊक होती ती गोचीड तशीच असते. ही जात निराळी. भिंतीच्या भेगेत राहते, माणूस निजलं की येते, घटकाभर रक्त पिते आणि पुन्हा भेगेत. अंगावर कशी सापडणार? हे मीच तिला सांगितलं.

"म्हंजे म्याच निजवली तिला गोचडाच्या तोंडात."

डॉक्टर सलाईनमध्ये गुंतले होते. मी सुनेच्या अंगावरची घोंगडी सारखी केली.

या आजारात औषध अंगात गेल्यावर आधी थंडीची मोठी लाट येते, तशी ती आली. पोरीला साताऱ्याला हलवलं. पोरगी वाचली. बाळ पोटातच गेलं.

खोपटात आधी औषध फवारा, मगच हात लावा, असं बजावून पाठवलं होतं. म्हातारी घरी गेली ती थेट कुदळ घेऊन आत शिरली. भिंती तिनं एकटीनं पाडल्या. हे मला फार उशिरा कळलं. माझं कंत्राट संपून मी कुंडलच्या बाजूला, शहरातल्या विश्रामबागेत एका खासगी लॅबमध्ये लागले होते, तिथं सून काहीतरी साध्या तपासणीला आली तेव्हा. आता नवऱ्याबरोबर कुंडललाच राहते म्हणाली.

"आणि मावशी?"

"आत्याबाई गेल्या की, ताई."

खोपट पाडल्यावर म्हातारीलाही तोच ताप आला होता. सून जवळ गेली की ओरडायची, "लांब हो, तुला पुन्यांदा लागंल!" पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायला लावायची, सून मागे सरली की मग सरपटत येऊन घ्यायची. गाडी बोलावली, तर सून बसणार म्हणून ही चढेना. सुनेचा नवरा कुंडलहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी सुईचं पाकीट उगाच फोडत राहिले.

"ताई, मान्साचं मान्साला लागतंय का वो त्ये?"

"नाही गं. जवळ बसून, हात लावून नाही लागत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बाही वर करून हात टेबलावर ठेवला.

"मग म्या बसली आसती की त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "किती का वरडंनात."