गाजर कुणी दिलं

माझ्या लेकाची, नवनाथाची, नोकरी चुका शोधायची. महाळुंग्याला ज्या कंपनीत तो जातो तिथं पूर्वी आमचं भुईमुगाचं वावर होतं. आता तिथं गाड्यांच्या दारांना लागणारी रबरं होतात. रबर तयार झालं की नवनाथ ते हातात घेतो, दाबतो, ताणतो, खिशातल्या पट्टीनं मोजतो आणि मान हलवून लाल डब्यात टाकतो. याला क्वालिटी म्हणतात. त्यात त्याला दोनदा बक्षीस मिळालं, दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ. एक रोज चार मिनिटं मागं पडायचं. ते त्यानं साहेबाला परत नेऊन दिलं.

ही खोड नोकरीनं लावलेली नाही. लहानपणी शेंगा फोडायला बसवला की हा बारके दाणे एकीकडं, मोठे दाणे एकीकडं करत बसायचा. आमची पाटी रिकामी व्हायची, याची तशीच. पुढं त्याच्यासाठी वर्षालीला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या पाच बशा आल्या. यानं नजर फिरवली आणि माझ्या कानात म्हणाला, दोन बशांत शेंगदाणे कमी आहेत. वर्षालीनं ते ऐकलं. तिनं नुसतं त्याच्या शर्टाकडं बोट दाखवलं. बटणं एक काज सोडून लावली होती. पार गळ्यापासून खालपर्यंत. मी तिथंच ठरवलं, आपल्या घरात हीच पाहिजे.

आता ठमीचं, या दोघांच्या लेकीचं. पाळण्यातलं नाव विजयश्री, पण एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा जिवाला झेपत नाही. ठमीला सहा महिने झाले आणि वर्षालीची रजा संपली. तिनं आणखी दोन आठवडे मागून घेतले. तिची कंपनी हिंजवडीला. सकाळी साडेसातला गाडी यायची, ती संध्याकाळी ट्रॅफिक कृपा करील तेव्हा परत आणून सोडायची. म्हणजे बारा तास धराच. काढून ठेवलेलं दूध ठमी वाटीनं घ्यायची, पण तेवढ्यावर तिचे बारा तास निघणार नव्हते. वर्षालीनं सरळ सांगितलं होतं, शनिवारपर्यंत ठमी जेवायला लागली तर मी सोमवारी जाते, नाहीतर राजीनामा. तो तिनं लॅपटॉपात लिहूनसुद्धा ठेवला होता. नुसतं बटण दाबायचं बाकी. नोकरीवर तिचा फार जीव. ती ते बोलायची नाही, पण ऑफिसचे कपडे तिनं इस्त्री करून दाराला अडकवले होते आणि येताजाता त्यांच्याकडं बघायची.

उष्टावण रीतीनं झालं. दिग्विजयमामा आले, त्यांनी अंगठीनं खीर ठमीच्या जिभेला लावली. ठमीनं अंगठीच हिरड्यांत धरली ती सोडेना, मामा घामानं ओले. तिथवर सगळं ठीक होतं. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की मऊ करून भरवा, मीठसाखर घालू नका, नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस बघा मानवतो का. बाईंनी हे हसत हसत सांगितलं. नवनाथानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर पांढरा फळा आला. त्यावर तारखा, पदार्थ, किती चमचे, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘थुंकीविरहित दिवस’. कंपनीच्या गेटावर अपघाताविना किती दिवस गेले त्याचा असतो ना, तसा. पुढं आकडा शून्य. तांदूळ तीन दिवस, मूगडाळ तीन दिवस, असं करत गाजर महिनाअखेरीला. ठमीच्या खुर्चीभोवती त्यानं फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली, भरवताना पट्टीच्या आत दुसऱ्यानं यायचं नाही. आणि एक कागद फिरवला की ठमीला ठरल्या वेळेशिवाय, ठरल्या पदार्थाशिवाय कुणी काही देणार नाही. आमच्या यांनी सही केली, मी केली. दुसरीपर्यंतच शाळा झाली माझी, पण सही झकास येते. शेजारची नजमुन्निसा साखर मागायला आली होती, तिचीसुद्धा घेतली.

त्या पंधरवड्यात नवनाथाला दुसरी, दुपारची पाळी होती, म्हणून अकराचं जेवण त्याच्या हातात. पेज झाली की तो चमचा तिरका करून किती सेकंदांत ओघळते ते मोजायचा. चार सेकंदांच्या आत ओघळली तर पातळ, सहाच्या पुढं घट्ट. मग डोळ्यांना कंपनीचा चष्मा लावून ठमीपुढं बसायचा. चष्मा पहिल्याच दिवशी कामाला आला. ठमी तोंड उघडायची, पेज आत घ्यायची, बापाकडं मायेनं बघायची आणि फुर्र. चष्म्यावर, फळ्यावर, एकदा वरच्या पंख्यावर. पंख्याचं आम्हाला पंखा लावल्यावर कळलं.

आठ दिवस फळ्यावर शून्य. वर्षाली येऊन बघायची आणि आत जायची.

आता मी माझं सांगते. सही केली तो दिवस मी पाळला. दुसऱ्या दिवशी नऊला मी भाकरी खात होते, ठमी मांडीवर. माझा घास वर गेला की तिचे डोळे वर, घास खाली की डोळे खाली. असं सातआठ घास. माझ्याच्यानं गिळवेना. भाकरीचा आतला मऊ भाग वरणाच्या पाण्यात कुस्करून बोटानं लावला. मटामटा खाल्लं तिनं. एकदा दिलं ते दिलं, मग रोजचंच झालं. म्हटलं, पोटात चार घास गेले तर अकराला आणखी जोरात खाईल. हे डोकं मी कसं चालवलं मला ठाऊक नाही.

शुक्रवारी नवनाथानं ठमीचं वजन केलं. खालच्या गॅरेजात नजमुन्निसाच्या नवऱ्याचा, मीरासाहेबांचा, भंगार मोजायचा काटा आहे, तो पुसूनबिसून वर आणला. डॉक्टरबाईंकडच्या वजनापेक्षा ठमी तीनशे ग्रॅमनी वाढलेली. नवनाथ फळ्याकडं बघतो, काट्याकडं बघतो. पोटात काही गेलं नाही आणि वजन वाढलं. दुसऱ्या कुणाला जे सुचलं असतं ते याला सुचलं नाही. तो म्हणाला, काटा चुकतोय. मग वाण्याकडून किलोची वजनं आणली, एकेक ठेवून बघितली. काटा बरोबर. मग फरशी तिरकी असेल म्हणून काट्याखाली कागदाच्या घड्या सारल्या. मीरासाहेब दारात उभे राहून म्हणाले, भावा, वीस वर्षं हा काटा खोटं बोलला नाही, तुझ्या घरी येऊन कशाला बोलेल.

माझे चार घास म्हणजे तीनशे ग्रॅम होणार नाहीत, एवढं मला कळत होतं. त्यातच दुपारी ठमीचा लंगोट बदलला तर रंग नारिंगी. गाजर. मी गाजर दिलं नव्हतं.

मग मी पाळत ठेवली. शनिवारी सकाळी आमचे हे, भिमाजीराव, ठमीला उन्हाला म्हणून गच्चीवर घेऊन गेले. मी वाळवणाचं निमित्त काढून मागं गेले. पाण्याच्या टाकीआड बसून हे केळं चमच्यानं खरवडून तिला चारत होते आणि साल शर्टाच्या खिशात. मला बघून म्हणाले, तुझ्या पदराला वरण लागलंय, ते आधी पूस. दोघंही निमूट खाली आलो. पण गाजर यांनीही दिलं नव्हतं.

साडेदहाला नजमुन्निसा ठमीला परत द्यायला आली. रोज अर्धा तास ती तिला कडेवर घेऊन जाते. ठमीच्या गळ्याच्या वळीत गुरगुट्या भाताची दोन शितं. मी नुसतं बोट दाखवलं. ती म्हणाली, आक्का, पोरगी दारात आल्यावर तोंड उघडते, मी काय दार लावून घेऊ? तिनंही गाजर दिलं नव्हतं, पोराबाळांची शपथ घेऊन सांगितलं.

अकरा वाजले. नवनाथ चष्मा लावून पट्टीच्या आत बसला. ठमीनं चमच्याकडं बघून जांभई दिली आणि मान खांद्यात घातली. तीन पंगती जेवून आलेलं माणूस, चौथीला बसेल कशाला. नवनाथानं चमचा खाली ठेवला. आतल्या खोलीतून वर्षाली लॅपटॉप घेऊन बाहेर आली, टेबलाशी बसली. बोट बटणाकडं गेलं. ती रडत नव्हती, त्यानंच मला जास्त भ्या वाटलं.

मी म्हटलं, “पोरी, थांब. ती उपाशी न्हाई. सकाळी नऊला माझ्या ताटात जेवती, रोज.”

मग आमच्या यांनी खिशातून केळ्याची साल काढून टेबलावर ठेवली. नजमुन्निसा दारातून म्हणाली की सही मी साखरेच्या गडबडीत केली होती. वर्षाली एकेकाकडं बघत होती. तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि म्हणाली, मला तोंडी लावायला दिलेलं रताळं मीपण चारते तिला, अंघोळीच्या आधी. मला वाटलं, माझ्या एकटीच्याच हातून खाते. मग मी गेल्यावर काय, म्हणून तर हे लिहिलं.

नवनाथ फळ्यापुढं उभा. चष्मा कपाळावर, हातात मार्कर. आता हा आमच्या सह्यांचा कागद काढणार आणि आम्हाला सगळ्यांना लाल डब्यात टाकणार असं मला वाटलं. मी म्हटलं, “ते सगळं खरं. पण गाजर कुणी दिलं?”

आम्ही चौघं एकमेकांकडं बघत होतो. नवनाथ फळ्याकडं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी गुळाच्या डब्यात हात सापडला की असेच व्हायचे.

“डब्यातलं होतं,” तो म्हणाला. “उकडलेलं. पाळीला निघताना रोज बघायची माझ्या डब्याकडं. मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय.”

वर्षाली हसायला लागली ती थांबेना. ओढणी तोंडात कोंबली तरी थांबेना. शेवटी ठमी दचकून रडली तेव्हा कुठं थांबली. राजीनामा तिनं त्याला पुसायला सांगितला. त्यानं पुसला आणि खरंच पुसला गेला का, ते दोनदा तपासलं.

सोमवारी इस्त्रीचे कपडे दारावरून उतरले. साडेसातच्या गाडीनं वर्षाली गेली. अकराला नवनाथानं पिवळी पट्टी उचकटली, आम्ही सगळे ताटं घेऊन खालीच बसलो, ठमी मधोमध. आदल्या जेवणांना सगळ्यांनी आळा घातलेला, म्हणून भूक कडकडीत. अर्धी वाटी गुरगुट्या भात गेला. वर्षालीचा फोन आला तर बोलायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं. तिनं कान लावून आमचं जेवणं ऐकलं आणि ठेवून दिला.

नवनाथानं शून्य पुसून एक लिहिला. एवढ्यात ठमीला शिंक आली. तोंडात घास होता तो सगळा फळ्यावर, नव्या आकड्यावर. नवनाथानं खिशातनं पट्टी काढली, वाकून बराच वेळ बघितलं.

“ही शिंक आहे,” तो म्हणाला. “थुंकी नाही.”

आणि एक तसाच ठेवला, भाताच्या शितासकट.