साडूंच्या कॅमेऱ्याला स्थळ पाहिजे

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की सिनेमाचा कॅमेरा कसा विकावा हे जगात फक्त एकाच माणसाला कळलेलं आहे. तो माणूस मिरजेला राहतो, द्राक्षबागेत औषध फवारायच्या यंत्रांचे नोझल बनवतो, आणि नशिबानं माझा साडू लागतो. देशोदेशीच्या कॅमेरा कंपन्यांनी आपापली जाहिरातखाती बंद करावीत आणि तिथल्या टायवाल्या साहेबांना महिनाभर मिरजेला धाडावं, अशी माझी नम्र सूचना आहे. जेवायची सोय अक्का करतील. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, साडूंची सौभाग्यवती. साहेबांना शिव्या बसतील, पण पोटभर जेवून बसतील.

आता नोझलवाल्याचा आणि सिनेमाचा संबंध काय? संबंध कुस्तीचा. एका जत्रेत निकाली कुस्तीवरून भांडण पेटलं. अर्धं मैदान म्हणे खांदा टेकला, अर्धं म्हणे टेकला नाही. पुढच्या रांगेतल्या साडूंना दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढलं, तर हे म्हणाले, "माझी पापणी लवली तवा." त्या एका पापणीनं त्यांचं आयुष्य बदललं. डोळ्याला जे चुकतं ते पकडणारा कॅमेरा करायचा, असा त्यांनी पण केला. सेकंदाचे शेकडो तुकडे करून निवांत दाखवणारा, फक्त सिनेमावाल्यांच्या कामाचा असा कॅमेरा. आतली चिप परदेशातून मागवली, बाकी सगळं अंग घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या लेथवर कातलं. मूठ शेजारच्या सतार बनवणाऱ्या चाचांनी सतारीला वापरतात त्याच तूनच्या लाकडाची घडवून दिली. चार वर्षं गेली. तेवढ्या काळात साडू स्वतःही संथ झाले. चहा कपात पडताना ते बघत बसायचे, आणि लग्नात सगळे नवरीकडे बघत असताना हे पडणाऱ्या अक्षतांकडे बघायचे. अक्कांनी कॅमेऱ्याचं बारसं पहिल्याच महिन्यात उरकलं होतं: 'सवत'. "सवतीला झाकलं का? सवतीनं जेवू दिलं का?" अशी चौकशी रोज व्हायची. कॅमेरा उन्हात तापायचा, म्हणून चाचणीच्या वेळी त्यावर छत्री धरायला अक्काच उभ्या राहायच्या. सवत सावलीत, आणि अक्का उन्हात साडूंचा उद्धार करत.

कॅमेरा तयार झाला, तेव्हा विक्रीसाठी मला बोलावणं आलं. साताऱ्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. ज्यांना घरात कुणी विचारत नाही अशांना मी चौकात 'जनतेचा बुलंद आवाज' करून उभं केलेलं आहे. कॅमेरा म्हणजे काय मोठी गोष्ट? सांगलीतल्या एका गजबजलेल्या चौकात मी भला थोरला फ्लेक्स लावला. मधोमध हसणारे साडू, हातात कॅमेरा, मागं उगवता सूर्य, खाली 'सांगलीचा कॅमेरा, जगाची नजर'. परिणाम तत्काळ झाला. लोकांनी मजकूर न वाचता फोटो बघितला आणि साडूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आठवडाभर दिल्या. एकानं तर घरी केक आणला. खरीखुरी गिऱ्हाइकं म्हणावीत तर एक पासपोर्टच्या फोटोसाठी आला, आणि एक तासगावचा बागायतदार बेदाण्याच्या शेडवर चोरावर नजर ठेवायला हा चालेल का विचारून गेला.

"पाव्हणं," साडू मला म्हणाले, "आवं, ही काय चटणी हाय का घरोघर खपायला? ह्या कॅमेऱ्याची गरज असलेली माणसं साऱ्या महाराष्ट्रात मूठभर. मूठभरांसाठी चौकात बोंब कशाला मारायची? त्यांचं घर हुडकायचं, त्यांना घरी बोलवायचं, माणूस बघायचा. आन् खोट असंल ती आधीच सांगून टाकायची. स्थळाला सांगतो तशी."

हे खोट आधी सांगण्याचं व्रत जुनं आहे. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही हे माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, "डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आन् मी घोरतो." सासरे त्या प्रामाणिकपणावर भाळले. अक्का मात्र अजून म्हणतात, "घोरणं सांगितलं, कॅमेरा न्हाई सांगितला."

त्यामुळे पुढं काय झालं असेल याची कल्पना करा. मी मोठ्या मुश्किलीनं एखादा सिनेमावाला मिरजेपर्यंत आणायचा, आणि साडूंनी हातपाय धुवायच्या आत त्याला सांगायचं, "ह्याचा पंखा वाजतो. वजन लय हाय. उनात तापतो." पाहुणा पोहे खाऊन निघून जायचा. एकजण तरीही टिकला, तर साडूंनी त्याला विचारलं, "रात्री कॅमेरा कुठं ठेवता?" तो म्हणाला, "गाडीच्या डिकीत." स्थळ मोडलं.

शेवटी अक्कांचा तोल गेला. "दसऱ्यापर्यंत वाट बघायची," त्यांनी बजावलं. "तवर हिला घर मिळालं तर बरं. न्हाईतर खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं, पेटीत घालायचं आन् माळ्यावर टाकायचं. पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं न्हाई. व्हय म्हणा." साडू हो म्हणाले. डाव्या कानानं ऐकलं असतं तर सुटले असते, पण अक्का नेमक्या उजवीकडं उभ्या होत्या. त्या दिवसापासून ते नोझल तर कातायचे, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचे. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

दसरा तोंडावर आला आणि माझ्या फ्लेक्सनंच शेवटी हात दिला, पण वेगळ्या तऱ्हेनं. वाईला घाटावर एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, त्यांच्या खोट्या दुकानांच्या पाट्या माझ्याकडून गेल्या. तिथं कॅमेरा सांभाळणारी एक तरुण बाई होती, पुण्याची. तालमीतली तांबडी माती उडताना तिला संथ दाखवायची होती, आणि हवा तसा कॅमेरा मिळत नव्हता. मी साडूंचं नाव काढलं. दुसऱ्याच दिवशी ती गाडी घेऊन मिरजेच्या दारात हजर.

पोहे आले. साडूंनी सुरुवात केली. "पंखा वाजतो."

"बरं. आणखी?" बाई म्हणाली.

"जड हाय."

"ते दिसतंय. आणखी?"

"उनात तापतो. बॅटरी लय खातो. बटणं माझ्या बोटाच्या मापाची हायेत."

"आणखी काय काका?"

साडू अडकले. सांगण्यासारखी खोट उरली नव्हती. यापुढं काय बोलायचं असतं, तिथवर आजपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्याच वेळी स्वयंपाकघरात अक्का आमटीला फोडणी करत होत्या. बाई उठली, कॅमेरा उचलला आणि सरळ कढईसमोर जाऊन उभी राहिली.

"रात्री कुठं ठेवणार?" साडू मागून ओरडले.

"माझ्या उशाशी. कॅमेरा दुसरीकडं असला तर मला झोप येत नाही," ती न वळता म्हणाली.

मग तिनं टिपलेलं चित्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर लावलं. तेलात मोहरीचा एकेक दाणा हळूहळू थरथरत होता, फुगत होता, कळी उमलावी तसा उघडत होता आणि उडी घेऊन तरंगत होता. मागून कढीपत्त्याचं एक पान नाचणाऱ्या बाईसारखं गिरकी घेत खाली येत होतं. लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा अक्कांनी ती फोडणी केली होती, आणि आज पहिल्यांदा बघितली. चार वर्षं छत्री धरली, पण कॅमेऱ्यातून काय दिसतं हे त्यांनी रागानं कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी त्या घरात फोडणी करपली, आणि अक्का कुणावरही ओरडल्या नाहीत. "पुन्हा लावा," एवढंच म्हणाल्या.

सौदा कसा झाला ते मला विचारू नका, कारण तो साडूंनीच केला आणि अटी सगळ्या त्यांच्याच होत्या. दर दिवाळीला कॅमेरा माहेरी पाठवायचा. तेलपाणी, साफसफाई इथंच व्हायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. बाई सगळ्याला हो म्हणत होती आणि हसत होती.

निघायची वेळ झाली. साडूंनी पेटी मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, पुन्हा सोडून पुन्हा लावला. मग रिकामे हात कुठं ठेवायचे ते न सुचून खिशात घातले. मला म्हणाले, "बरं झालं. शेड मोकळी झाली," आणि आमच्या कुणाहीकडे न बघता रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. गाडी सुरू झाली. तेवढ्यात अक्का घरातून पदर सावरत धावत आल्या, त्यांची ती काळी छत्री गाडीच्या खिडकीतून आत कोंबली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"आवं ताई, उनात तिच्यावर छत्री धरा वो! लय तापती माझी पोरगी!"