एकाच मापाचा पाय

माझा आणि माझ्या मित्राचा डावा पाय पोलिओने सारखाच वाळवला होता. पनवेलच्या शाळेत दाराजवळच्या बाकावर आम्ही दोघे बसायचो. दोघांच्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. अकरावीत मुंबईच्या एका कारखान्यात आमची मापं एकाच दिवशी घेतली. कॅलिपर मिळाल्यावर आठवड्याने माझ्या बुटाच्या आत त्याचं नाव दिसलं. आठ दिवस आम्ही एकमेकांचे कॅलिपर घालून हिंडत होतो.

"लंगड्या, तुझं माझं माप एकच की रे!" तो हसत सुटला. मग आम्ही ते बदललेच नाहीत.

माप सोडलं तर बाकी काही सारखं नव्हतं. त्याचे वडील कचेरीत नोकरीला, घरात पुस्तकांचं कपाट. माझे वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. एका सरांनी मला रोज सायकलवर बसवून शाळेत नेलं, म्हणून आमच्या घरातला पहिला बी. कॉम. मी झालो आणि तहसील कचेरीत लागलो. सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार आठवणाऱ्या माणसाला हेवा वाटत नाही, असं थोडंच आहे?

मित्राचं घराणं बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. कोकणातलंच, बोलणं आमच्यासारखंच मराठी. शनिवारी मात्र त्यांच्याकडे चूल पेटत नसे. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले होते. त्र्याण्णव साली यांचंही ठरलं. तिकडे पायासाठी चांगलं हॉस्पिटल आहे, हे त्याने मला तळ्याच्या काठावर बसून सांगितलं. मी "छान झालं" म्हणालो. मनात एकच आलं : एकाच मापाचे दोन पाय, त्यातला एक विमानात बसणार आणि दुसरा जन्मभर कचेरीच्या पायऱ्या चढणार.

निघण्याआधी त्यांच्या घरी मलिदा होता. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं मोठ्या ताटात मांडून ते एलियाहू नबीची प्रार्थना करतात. प्रसाद घेऊन सगळे त्याला प्रवासासाठी शुभेच्छा देत होते. माझी पाळी आली तेव्हा मी पोहे चघळत राहिलो. तो जमिनीवरून उठायला गेला आणि कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी कडकन तुटली. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

निघायला चार दिवस होते आणि कारखाना दुरुस्तीलाच तीन आठवडे घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली.

"बाळा, तुझा नवा कॅलिपर यायचा होता ना? आला का रे?"

आला होता. वर्षभर वाट पाहून मिळालेला, कोरा, दाराआड टांगलेला. रोज मी जुनाच वापरत होतो.

"नाही अजून, काकू."

"बरं." त्या दाराकडे वळल्या, जरा थांबल्या आणि गेल्या.

माझी आई चुलीपाशी होती. "नवा तर हाय ना घरात? नाय कशाला म्हनलास?"

"तो परत येणार आहे का द्यायला?"

आईने चुलीत लाकूड सारलं.

शेवटी वेल्डिंगवाल्याने कडी जोडली, पण अशी की गुडघा वाकेचना. मित्र जीपमध्ये आईच्या मांडीवर पाय सरळ टाकून बसला. मी हात हलवला.

महिन्याने पत्र आलं. विमानतळावर तपासणीच्या दारात यंत्र ओरडलं, म्हणून विजार वर करून सगळं दाखवावं लागलं. पाय वाकत नव्हता, म्हणून चाकांची खुर्ची मिळाली. विमानात पाय वाटेत आडवा. जेवणाची गाडी आली की दर वेळी उभं राहायचं. संडासाच्या भीतीने पाणी प्यायलो नाही, विमान बदलताना दोन माणसांनी उचलून जिना चढवला, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी होतं, 'इथे प्लॅस्टिकचा मिळाला. टोपलीसारखा हलका.'

मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र चाकांच्या खुर्चीपाशीच अडकलो. मला कुणी कधी खुर्चीत बसवून ढकललं नव्हतं. त्याचे हालसुद्धा परदेशातले होते.

सत्त्याण्णव साली तो एकटाच आला. पूर्वीची काठी नव्हती. हातात लांबडं पुडकं होतं.

"घे. प्लॅस्टिकचा. माप माझंच दिलं."

मला राहवलं नाही. "तेव्हा माझा नवा कॅलिपर आला होता."

"माहीत आहे. आईला दाराआडून बुटाचं टोक दिसलं होतं. जीपमध्ये सांगितलं तिने."

"मग पत्रात काहीच कसं लिहिलं नाहीस?"

"काय लिहिणार, लंगड्या? तू निघाला असतास तर मी तरी दिला असता का?"

त्याने खाली बसून स्वतः तो माझ्या पायात चढवला. पाऊल बरोबर बसलं, गुडघाही. मांडीचा पट्टा मात्र शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल राहिला. चार वर्षांत त्याची मांडी भरली होती.

तो गेल्यावर मी चांभाराकडून पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडून घेतली.